ओली घडी

शब्दकोश बांधून आला त्या दुपारी मी तो मांडीवर घेतला, सवयीने पहिल्या कोऱ्या पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठ्याला धार लागली नाही. एवढंच झालं. हे कुणाला सांगावं तर तो म्हणेल, बरं, मग? आणि त्याचं काही चुकणार नाही. पण माझं सगळं आयुष्य पुस्तकांच्या कडांवरून अंगठा फिरवण्यात गेलं आहे, आणि नवा कागद कापलेला असला की त्याची कड कशी लागते हे माझ्या अंगठ्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ही कड मऊ होती. खिडकीकडे धरून पाहिली तर तिच्यावर बारीक लव दिसली, जुन्या लोकरीवर असते तशी. बाइंडरने सुरुवातीला आणि शेवटी घातलेली ही नवी पानं कापलेली नव्हती, फाडलेली होती. पण इतकी सरळ की पट्टी लावली तरी फरक दिसू नये. मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटच्या पानाचीही कड तशीच होती.

मी ज्या वाचनालयात नोकरी केली तिथली फाटकी पुस्तकं बांधायला तुरुंगात जात. ते स्वस्तात पडे आणि काम चोख असे. गठ्ठे परत आले की एकेक पुस्तक तपासून घेणं माझ्याकडे होतं, आणि त्या सगळ्यांच्या कोऱ्या पानांना हीच लव असायची. गठ्ठा घेऊन आलेल्या तुरुंगाच्या माणसाला मी एकदा भीत भीत कारण विचारलं, तेव्हा तो हसला. "साहेब, मोठ्या शिक्षेवाल्यांच्या हातात सुरी कोण देणार? सुई देतो तीसुद्धा मोजून, आणि मोजून परत घेतो." मग माझ्याच टेबलावरचा एक कागद घेऊन त्याने दाखवलं. घडी घालायची, नखाने दाबायची, घडीतून ओला दोरा ओढायचा, जरा थांबायचं, आणि दोन्हीकडे हलकेच खेचायचं. कागद फाटल्याचा आवाजही येत नाही. "नवा माणूस घाई करतो, कागद वाकडा जातो," तो म्हणाला. "घाई गेली की समजायचं, माणूस तिथला झाला." हे वाक्य मी त्या दिवशी घरी जेवताना वहिनींना सांगितलं होतं असं मला आठवतं. किंवा नसेलही सांगितलं. आमच्या घरात तुरुंग हा शब्द उच्चारायला मी कधी धजावलो असेन, यावर आता माझाच विश्वास बसत नाही.

म्हणजे ज्याने हा शब्दकोश बांधला होता तो मोठ्या शिक्षेत, घाई जाईपर्यंत राहून आलेला होता. आणि बाहेर आल्यावरही, जिथे कोपऱ्यावरच्या दुकानात हवी तेवढी पाती मिळतात तिथे, सुरीला हात लावत नव्हता. असे सुटून आलेले या शहरात पुष्कळ असतील, मी स्वतःला समजावलं. प्रत्येकाच्या मागे एक घर असेल, आणि त्या घराशी माझा काय संबंध? पण संशय हा असा पाहुणा आहे की त्याला बसा म्हणावं लागत नाही.

स्वयंपाकघरात वहिनी कांदा चिरत होत्या. त्यांची सुरी काळ्या मुठीची आहे, सिंकशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. दादा गेल्यावर कितीतरी दिवस आमच्या घरात सुरी नव्हती. वहिनी भाजी हाताने मोडत, पाव हाताने तोडत, आणि मीही काही विचारत नसे. मग एक दिवस स्वतःच ही सुरी घेऊन आल्या. "हाताने मोडलेलं नीट शिजत नाही," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून दर रविवारी ती दगडावर घासतात.

"वहिनी, हा कुठे बांधायला दिला होतात?"

"का? वाईट बांधलाय?"

"नाही. चांगला बांधलाय."

"चांगला असेल तर चांगला म्हणा. वाईट असेल तर त्याला जाऊन म्हणा. माझी उलटतपासणी कशाला?"

"नुसतं विचारलं."

"तुम्ही नुसतं कधी विचारलंय, भाऊजी? लाँड्रीच्या पलीकडे, किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी. टोपीवाला म्हातारा आहे एक. कळलं? आता सरका, उजेड अडतोय."

त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. कांदा चिरण्याचा आवाज मात्र क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला, आणि तो का थांबला असेल याचा मी संध्याकाळभर विचार करत राहिलो. शब्दकोशाची पानं गळायला लागून वर्षं झाली होती. मी त्याला दोरी बांधून वापरत होतो. इतक्या वर्षांत नाही आणि आताच वहिनींना तो बांधायला न्यावासा का वाटला?

माझ्या दादाचं औषधांचं दुकान होतं. माझ्यापेक्षा तो वयाने थोडाच मोठा, पण धीट, उंच, गिऱ्हाइकांशी मोठ्याने बोलणारा. मी त्याच्या सावलीत सुखात होतो. दुकान मिटायच्या वेळी एक तरुण आला. पलीकडच्या गल्लीतल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. त्याने कसलंसं औषध मागितलं, दादाने डॉक्टरची चिठ्ठी मागितली, आणि चिठ्ठी नव्हती. एवढ्याशा गोष्टीचं पुढे काय झालं ते समोरच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने पाहिलं आणि कोर्टात सांगितलं: सुरी बर्फ फोडायची होती आणि ती डाव्या हातात होती. मग सगळ्यांसमोर त्या तरुणाला सही करायला लावली. त्याने लेखणी डाव्या हातात घेतली. मी ती सही होताना पाहिली, कारण त्या दिवसांत मी त्याच्या हाताकडेच पाहत असे. चेहऱ्याकडे पाहायचं मला धैर्य झालं नाही. त्याचा हात आणि मानेवरचे दाट काळे केस, एवढाच तो मला माहीत आहे. वहिनी मात्र पहिल्या बाकावर बसत आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहत, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं कविता पाठ करतात तशा.

खालच्या कोर्टाने फाशीची शिक्षा दिली. त्या दिवशी वहिनी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या आणि ताट धुऊन पालथं घातलं. मी जेवलो नाही. वाचनालयातून मी त्या विषयावरची पुस्तकं काढली. दुसऱ्या कुणी काढली असती तर मला त्याचा संशय आला असता. त्यात दोराची जाडी होती, वजनाचं कोष्टक होतं, आदल्या दिवशी माणसाला काय खायला देतात ते होतं. मला मानेवरचे ते दाट केस दिसायचे आणि झोप यायची नाही. हे वहिनींना कुठल्या तोंडाने सांगणार? मग वरच्या कोर्टात जन्मठेप झाली. कोर्टाच्या ओट्यावर उभं राहून वहिनींनी वकिलांना विचारलं, "जन्मठेप म्हणजे किती?" वकील म्हणाले, "जन्मभर. तसं वागणूक चांगली असली तर मध्येच सोडतातही. पण तोवर उमर गेलेली असते." वहिनींनी पदर खांद्यावर सारखा केला. मग म्हणाल्या, "म्हणजे तो म्हातारा होणार. त्याचे केस पांढरे होणार." भिंतीवरच्या फोटोतला दादा तेव्हाही काळ्या केसांचा होता, आताही आहे. आणि मी? माझ्या छातीत कुठेतरी एक गाठ सैल झाली होती, आणि ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी नळावर जाऊन तोंड धुतलं. ते तत्त्व होतं की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची ही एक पंचाईत असते. त्याच्या भित्रेपणालाही संदर्भ सापडतात.

दुसऱ्या दिवशी मी फाटका नकाशासंग्रह घेऊन लाँड्रीच्या पलीकडे गेलो. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. पुढे टेबल, मागे दाबाचं यंत्र, खळीचा वास. टेबलामागे म्हातारा, अंगाने वाळलेला, लोकरीची टोपी कानांखाली ओढलेली, भुवयाही झाकलेल्या. पुठ्ठे तो कापलेलेच विकत आणत असावा. त्यांचा सारख्या मापाचा ढीग कोपऱ्यात होता. दुकानभर मी पाहिलं, कात्री नव्हती, पातं नव्हतं. "ठेवा," तो म्हणाला. मी ठेवलं आणि त्याचे हात पाहत उभा राहिलो. पुस्तक शिवताना सुई एका बाजूने जाते आणि दुसऱ्या बाजूने येते. एक हात देतो, दुसरा घेतो. त्यात डावा कोण आणि उजवा कोण? चहा तो उजव्या हाताने प्यायला. मला हायसं वाटलं. मग वाटलं, तुरुंगात कपात चहा मिळतो का? आणि तुरुंगात माणसाला उजव्या हाताने खायला शिकवत असतील तर?

घरातली फाटकी पुस्तकं लवकरच संपली. मग मी जे केलं ते लिहितानाही अंगावर काटा येतो, कारण पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला मी जन्मात माफ केलेलं नाही. मी दाढीचं ब्लेड घेऊन एका धडधाकट पुस्तकाच्या मधला टाका कापला. पानांचा जुडगा सुटून हातात आला तेव्हा मला खरंच चोरी केल्यासारखं झालं. दुसऱ्या आठवड्यात दुसरं कापलं, नंतर तिसरं. दर खेपेला दुकानात जरा जास्त वेळ उभा राहायचो, जरा जास्त बोलायचो. "खूप वर्षं झाली का या कामाला?" "झाली." "कुठे शिकलात?" "काम करता करता." उत्तरं अशी, की तलाठ्यालाही त्यांत खोट सापडू नये. घरी येऊन मी त्या उत्तरांची उलटसुलट छाननी करायचो. "काम करता करता" म्हणताना त्याने वर पाहिलं होतं का? दोरा ओला करताना थुंकी लावली की वाटीतलं पाणी? वहिनी एकदा माझ्या खुर्चीखाली झाडत होत्या आणि वाकूनच म्हणाल्या,

"भाऊजी, घरात उंदीर झालेत का?"

"का हो?"

"दोऱ्याचे तुकडे पडतात इथे. कागद सोडून नुसता दोरा खातात मेले. सुशिक्षित दिसतात."

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण काय सांगणार? की मला वाटतं तोच आहे? वाटतं, या शब्दावर मी कुणाची इतक्या वर्षांची घडी विस्कटायची? आणि तो नसला तर? आणि असला तर वहिनी काय करतील? हा शेवटचा प्रश्न माझ्या मनात आला की माझी नजर आपोआप त्या खिळ्याकडे जायची.

चौथ्या पुस्तकाच्या वेळी त्याने ते उघडलं, पाठीत बोट घातलं आणि दोऱ्याचं टोक उजेडात धरलं.

"साहेब, हे झिजून तुटलेलं नाही."

"म्हणजे?"

"दोरा जुना झाला की आधी विरतो. त्याची शेंडी होते. याला शेंडी नाही. हा कापलाय, ब्लेडने. मागचंही कापलेलं होतं, त्याच्या मागचंही."

"घरात लहान मुलं आहेत," मी म्हणालो. आमच्या घरात लहान मूल कधी झालंच नाही.

"हुशार मुलं आहेत," तो म्हणाला. "नेमका मधलाच टाका कापतात." त्याने पुस्तक मिटून पुढे ठेवलं. "तुम्ही पोलिसातले का?"

"छे, छे. मी वाचनालयात होतो."

"हां." त्याने मान डोलावली, जणू पोलिसापेक्षा हे वाईट होतं. "म्हणजे कड बघितलीत."

शेजारी किल्ल्या करणारा कानस घासत होता. मला पळून जावंसं वाटत होतं.

"पहिल्यांदा त्या बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "तुमच्या कोण?"

"वहिनी."

"आणि भाऊ?"

"नाहीत."

त्याने सुई कापडाच्या उशीत खोचली, हात टेबलाखाली घेतले. मग म्हणाला, "तुम्ही पुन्हा यायचा त्रास घेऊ नका. झालं की मी पाठवून देईन."

मी रस्त्यावर आलो. लाँड्रीच्या वाफेतून पुढे गेलो, वळलो, आणि आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना माझ्या ध्यानात आलं की त्याने पत्ता विचारला नव्हता.

पुढचे काही दिवस मी दाराची कडी लावायचो आणि लावली का ते पुन्हा जाऊन पाहायचो. जिन्यावर पाऊल वाजलं की मोजत राहायचो, खालच्या मजल्यावर थांबलं की वर आलं. पत्ता वहिनींनीच दिला असेल, पुस्तक टाकताना देतातच लोक, मी स्वतःला सांगायचो. पण मग दुसरा आवाज विचारायचा, आणि त्याने स्वतः शोधला असेल तर? खटल्याच्या वेळी आपलं घर वर्तमानपत्रात आलं होतं. ज्याला वर्षानुवर्षं विचार करायला एकच गोष्ट होती तो एक पत्ता विसरेल? आणि अशाच एका दुपारी, कडी तपासून परत येताना, माझ्या मनात अगदी स्वच्छ वाक्य उमटलं: तेव्हा फाशी झाली असती तर आज ही कडी लावावी लागली नसती. मी पॅसेजमध्येच थबकलो. हे मी म्हणालो? वजनाचं कोष्टक वाचून ज्याची झोप गेली होती, ज्याने कोर्टाच्या नळावर तोंड धुतलं होतं, तो मी? इतकी वर्षं आत जपलेलं, कुणाला न दाखवलेलं माझं एकुलतं एक मत, आणि ते एका न विचारलेल्या पत्त्याने हललं. मला माझाच संशय आला. म्हणजे तेव्हाची माझी दयाही तो तुरुंगात सुरक्षित बंद होता म्हणूनच होती का? गजाआडच्या माणसावर दया करायला फारसं काही लागत नाही. तो समोर टेबलामागे बसला, चहा पिऊ लागला, म्हणजे खरा प्रश्न सुरू होतो. मी वहिनींना सांगायचं ठरवलं. उद्या सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही उद्याच ठरवलं.

दादाचं एक पुस्तक आमच्याकडे आहे. समुद्रप्रवासाचं आहे, जाड, आणि जुन्या तऱ्हेचं, म्हणजे पानांच्या घड्या न कापता बांधलेलं. वाचणाऱ्याने आपल्या हाताने घडी कापत कापत पुढे जायचं. दादा दुकानातल्या गोळ्या मोजायच्या पट्टीने कापायचा. जहाज एका बंदराला लागेपर्यंतची पानं त्याने मोकळी केली होती; पुढच्या सगळ्या घड्या बंद आहेत. वहिनी ते दर आठवड्याला पुसतात. मी एकदा घडीत डोळा घालून पुढचं वाचायचा प्रयत्न करत होतो, पाकिटात डोकावतात तसा, तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. पुन्हा मी त्याला हात लावला नाही.

त्या दिवशी सकाळचं फिरून मी घरी आलो तर दाराला बाहेरून कुलूप होतं. माझ्याजवळच्या किल्लीने उघडलं. वहिनींना हाक मारली. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर सगळं आवरलेलं, नळ बंद, फडकं वाळत टाकलेलं, आणि खिळा रिकामा. मी खिळ्याकडे पाहत राहिलो. मग दादाच्या कपाटाकडे गेलो. पुस्तकाच्या जागी धूळ नसलेला चौकोन होता.

माझ्या वयाच्या माणसाने धावू नये. लोक बाजूला होतात आणि वळून बघतात. लाँड्रीसमोर मला धाप लागली, किल्ल्यावाला म्हणाला, "आजोबा, हळू, किल्ली हरवली का?" आणि मी त्याच्या टेबलाला धरूनच पुढे सरकलो. दुकानाच्या दारात पोचलो आणि थांबलो. आत वहिनी स्टुलावर बसल्या होत्या, पाठ ताठ, पिशवी मांडीवर. टेबलावर दादाचं पुस्तक होतं. त्याच्या शेजारी सुरी होती, मूठ त्याच्याकडे केलेली. त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते.

"पानं मोकळी करून हवीत," वहिनी म्हणत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "इथून पुढची सगळी बंद आहेत."

"करून देतो. पण वेळ लागेल. ओली करावी लागतात, मग वाळवावी लागतात."

"म्हणून तर सुरी आणलीय. आत्ता होईल."

"बाई, मी सुरीला हात लावत नाही."

"का?"

कानशीचा आवाज थांबला होता. किल्ल्यावालाही ऐकत असावा, किंवा त्याची किल्ली झाली असावी.

"ते तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. मग टेबलाखालून एक हात वर आला, दोन बोटांनी त्याने पात्याला न शिवता मूठ ढकलली आणि सुरी वहिनींच्या बाजूला सरकवली. डावा हात होता. इतके आठवडे मी ज्याच्यासाठी पुस्तकांचे टाके कापले तो पुरावा त्याने आपणहून टेबलावर ठेवला, आणि मला काहीच वाटलं नाही. फक्त सुरी आता कुणाच्या हाताजवळ आहे एवढंच दिसत होतं.

वहिनींनी ती उचलली.

मी "वहिनी" म्हणालो असेन. आवाज बाहेर आला का ते मला माहीत नाही.

"मग तुम्ही धरा," वहिनी त्याला म्हणाल्या. "मी कापते."

त्याने पुस्तक आपल्याकडे ओढलं, जहाज बंदराला लागलं होतं तिथे उघडलं आणि पुढची घडी दोन बोटांत ताणून धरली. वहिनींनी पातं घडीत घातलं आणि वरून खाली आणलं. सुरी चांगली घासलेली होती. दुसरी घडी, तिसरी. त्या दोघांची डोकी जवळ आली होती, एखाद्या कामात गढलेल्या म्हाताऱ्या नवराबायकोसारखी, आणि हा विचार मनात आल्याची मला भीती वाटली. दर घडीला पातं त्याच्या बोटांपाशी यायचं आणि तो बोटं काढत नव्हता. एका घडीला ते त्याच्या अंगठ्याला टेकून थांबलं. वहिनी थांबल्या. तो थांबला. त्याची नजर पात्यावर नव्हती, पानावर होती. अंगठा जागचा हलला नाही. किती वेळ गेला असेल सांगता येत नाही. माझ्या हाताखालच्या चौकटीला एक खिळा होता आणि तो मी तळहातात रुतवून घेतला होता, हे नंतर कळलं.

"अंगठा काढा," वहिनी म्हणाल्या. "पान अडतंय."

त्याने अंगठा काढला.

शेवटची घडी झाली. वहिनींनी कागदाचा चुरा फुंकून टाकला, पुस्तक मिटलं, सुरी फडक्यात गुंडाळली. उठल्या. मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टोपी काढा जरा."

त्याने टोपी काढली. केस सगळे पांढरे होते, आणि विरळ. मधून कातडी दिसत होती, तान्ह्या मुलाची दिसते तशी. वहिनी पाहत राहिल्या. कोर्टात पहिल्या बाकावर बसून पाहायच्या तशाच, पाठ केलेलं पुन्हा एकदा पडताळून पाहिल्यासारख्या.

"बाई," तो म्हणाला, "मला तुम्हाला एकदा—"

"नको," वहिनी म्हणाल्या. "ते तुमच्याकडेच राहू दे."

बाहेर ऊन चढलं होतं. आम्ही लाँड्रीच्या वाफेतून गेलो. 

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी," वहिनी म्हणाल्या. "दुकानावरून जाताना. पण टोपीमुळे मनाची खात्री होईना. तुम्हीच कधीतरी सांगितलं होतंत, तिथल्या बांधणीची कड कशी असते ते. म्हणून शब्दकोश टाकला. म्हटलं, बघू यांचा अंगठा काय म्हणतो. आणि तुम्ही पुस्तकं कापत बसलात."

"मी सांगणार होतो."

"तुम्ही नेहमीच सांगणार असता, भाऊजी."

"त्याला आपला पत्ता—"

"मीच दिला होता. म्हटलं, येतो का बघू."

मी चालता चालता थांबलो. त्या थांबल्या नाहीत, म्हणून मला पुन्हा चालावं लागलं.

"फाशी व्हायला हवी होती," वहिनी म्हणाल्या. भाजीचा भाव सांगावा तशा स्वरात. "मला आजही तसंच वाटतं. आत्ता त्याचा अंगठा समोर होता तेव्हाही वाटत होतं. तुम्हाला?"

मला दाराची कडी आठवली, वजनाचं कोष्टक आठवलं, त्या डोक्यावरची विरळ पांढरी लव आठवली. "तेव्हा झाली नाही म्हणून मला बरं वाटलं होतं," मी म्हणालो. "आताचं नक्की सांगता येत नाही."

"तेव्हाचं ठाऊक आहे मला. तोंड धुऊन आला होतात."

मी खाली पाहिलं.

"पुसायचं विसरला होतात," वहिनी म्हणाल्या. "कॉलर ओली होती."

जिन्याशी आल्यावर त्यांनी पिशवीतून दादाचं पुस्तक काढलं आणि वाचायला म्हणून माझ्या हातात दिलं. सुरी मात्र पिशवीतच ठेवली आणि पिशवी घट्ट धरून माझ्या पुढे जिना चढू लागल्या.